समितीवरची खुर्ची आणि आपला परळ-दादर विभाग



विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की स्मरणिकेसाठी लेख जमवायची धावपळ सुरू होते. जयंती, धम्मदीक्षा, चैत्यभूमी, माता रमाई यांच्यावरचे लेख दरवर्षी येतात आणि ते यायलाच हवेत. यंदा आम्ही जरा कोरडा वाटणारा विषय निवडला आहे. कमिटी, बोर्ड, आयोग, सल्लागार समिती. नाव काढलं तरी माणूस जांभई देतो. "कमिटी बसली" म्हणजे काम लांबलं, असा आपल्याकडे अर्थ झाला आहे आणि तो अगदीच खोटा आहे असंही नाही. पण आपल्या परळ-दादर-लालबाग-नायगाव भागाचा इतिहास चाळायला बसलो, तर पानोपानी कुठली ना कुठली समिती भेटते. तिच्यापुढे कोणी बोलायला गेले, तिच्यावर कोणी बसले, कोणी तिच्या अहवालावर सही करायला नकार दिला. आणि त्यातून आपल्या घरात आज जे आहे त्यातले बरेच काही आलेले आहे. तरुण मंडळींना हे ठाऊक असावे म्हणून हा खटाटोप.

सुरुवात थोडी मागून करू. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते, हे पुष्कळांना माहीत नसते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते, त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायला पैसे खर्च करायचा ठराव आला, तेव्हा विरोध करणारे जोतीराव एकटेच होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. ठराव अर्थातच पास झाला. पुढे १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले आणि बारा वर्षे वयापर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सरकारनियुक्त माणूस सरकारच्या मर्जीने आत येतो, पण आत आल्यावर त्याने मान डोलवावीच असे कुठे लिहिलेले नाही. आपल्या लोकांना हा धडा जोतीरावांकडून मिळाला.

आता आपल्या विभागात येऊ. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाचे मंडळ स्थापन केले. शहरातली दाट वस्ती मोकळी करायची, रस्ते रुंद करायचे, कामगारांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचे काम. त्याच बी. आय. टी. चाळी. परळच्या दामोदर हॉलजवळच्या बी. आय. टी. चाळ नंबर १ मध्ये ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत सुभेदार रामजींचे कुटुंब १९१२ च्या सुमारास राहायला आले आणि बाबासाहेबांनी पुढची बावीसेक वर्षे तिथे काढली. गंमत पाहा, ज्या ट्रस्टने त्या चाळी बांधल्या त्याच्या विश्वस्तांच्या टेबलाभोवती चाळीत राहणाऱ्यांपैकी कोणी नव्हते. सरकार, नगरपालिका, व्यापारी, गिरणीमालक यांचे प्रतिनिधी बसायचे आणि आपली खोली किती फुटांची असावी, नळ मजल्यावर किती असावेत हे ठरवायचे. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

महापालिकेतही निराळे काही नव्हते. १८८८ च्या कायद्याने ७२ सभासद ठरले. त्यांतले ३६ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, १६ सरकारने नेमायचे, आणि बाकीचे विद्यापीठ व व्यापारी मंडळाचे. करदाते म्हणजे कोण, हे सांगायला नको. १९२२ साली मताचा हक्क वाढवला तेव्हासुद्धा महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यालाच मत होते. चाळीत एका खोलीत दहाबारा माणसे राहायची, पण मत कोणाला? प्रौढ मतदानावर महापालिकेची निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडले. त्या काळात आपल्या माणसाला आत बसायचे म्हणजे बहुतेक वेळा नियुक्तीचाच दरवाजा होता. हे लक्षात ठेवले तर पुढची हकीकत नीट समजेल.

२७ जानेवारी १९१९ ला साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. मतदानाचा हक्क कोणाला द्यावा हे ठरवणारी ही समिती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, वय सत्तावीस. बोलावणे आपसूक आले नाही. अस्पृश्यांच्या वतीने अस्पृश्यानेच बोलले पाहिजे, हा मुद्दा त्यांनी आधी 'टाइम्स'मध्ये टोपणनावाने पत्र लिहून मांडला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचीही त्या समितीपुढे साक्ष झाली. त्यातून निघाले काय? मुंबई कायदे कौन्सिलात अस्पृश्यांसाठी एक सरकारनियुक्त जागा. अख्ख्या इलाख्याला एक. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला, परळच्या पोयबावडीतून 'मूकनायक' निघाले. त्याचे पुढे संपादक झालेले ज्ञानदेव घोलप हे कौन्सिलात सरकारनियुक्त म्हणून गेले. आपल्या समाजाचा तिथला पहिला माणूस.

इथे दादरच्या एका माणसाचे ऋण सांगायला हवे. ते आपल्या समाजातले नव्हते, भंडारी समाजातले होते. सीताराम केशव बोले. दादर पश्चिमेला त्यांच्या नावाचा एस. के. बोले मार्ग आहे, त्यावरून रोज हजारो माणसे जातात. बाबासाहेब मॅट्रिक पास झाले तेव्हा सत्काराची जी सभा भरली तिचे अध्यक्ष बोलेच होते, आणि त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र तरुण भीमरावांच्या हाती दिले. बुद्ध आपल्याकडे कोणत्या वाटेने आला हे शोधत गेले तर ही सभा वाटेत लागतेच.

४ ऑगस्ट १९२३ ला बोले यांनी कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव पास झाला आणि सप्टेंबरात सरकारने खात्यांना आदेशही काढला. खेड्यात कोणी ऐकले नाही, हे सांगायला नकोच. पण महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपल्या हद्दीतले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तेव्हा नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस होते. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे मानणार नाहीत त्यांची सरकारी ग्रँट बंद करा.

आता नीट पाहा. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले ते कायदा मोडायला गेले नव्हते. हक्क कागदावर मिळून तीन वर्षे झाली होती, तो वापरायला गेले होते. दादरच्या माणसाचा कौन्सिलातला ठराव, महाडच्या नगरपालिकेचा ठराव, आणि मग ओंजळभर पाणी. आधीचे दोन ठराव नसते तर सत्याग्रह झालाच नसता असे आम्ही म्हणत नाही. पण तो निराळा झाला असता, आणि कोर्टात त्याची बाजू निराळी पडली असती. त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. कमिटीवर, बोर्डावर आपले माणूस नसले की पास झालेला ठराव असा एका बैठकीत नाहीसा होतो. तो खटला हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ ला आपल्या बाजूने संपला. ठराव मागे घ्यायला एक बैठक पुरली, तो चुकीचा होता हे ठरायला दहा वर्षे लागली.

१९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली. त्यांच्याबरोबर डॉ. पी. जी. सोळंकी होते. गुजराती भाषक, पेशाने डॉक्टर. यांचे नाव आपल्याकडे फारसे निघत नाही आणि ते निघावे असे आम्हांला वाटते, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत जे झाले त्यात ते पावलोपावली सोबत होते.

मग आले १९२८ साल. त्या एका सालावर पुस्तक होईल.

सायमन कमिशन ३ फेब्रुवारीला मुंबई बंदरात उतरले. सातही सभासद इंग्रज, एकही हिंदी नाही, म्हणून काँग्रेसने बहिष्कार पुकारला. हरताळ, काळे झेंडे, सभा. गिरणगाव त्याच वर्षी एप्रिलपासून संपात होता, ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद. घरात चूल पेटायची मारामार. अशा वातावरणात ३ ऑगस्टला मुंबई कौन्सिलाने सायमन कमिशनबरोबर काम करायला प्रांतिक समिती निवडली आणि तिच्यात बाबासाहेब गेले.

आज आपल्याला हे सहज वाटते. तेव्हा नव्हते. बाबासाहेब त्या जूनपासूनच सरकारी लॉ कॉलेजात शिकवत होते. विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासावर बहिष्कार टाकला. देशद्रोही, सरकारचे बगलबच्चे, काय काय म्हटले गेले. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण समितीवर जाणाऱ्याला लोक शिव्या घालतात हे आज नवीन झालेले नाही. त्या वेळच्या बहिष्काराचे म्हणणेही आम्ही उडवून लावणार नाही. परक्या सरकारने एकही हिंदी माणूस न घेता हिंदुस्थानचे भवितव्य ठरवायचे हा अपमानच होता. पण ज्याला गावाच्या विहिरीवर जाता येत नाही, त्याचे गाऱ्हाणे कोण मांडणार? बहिष्कार टाकणाऱ्यांच्या यादीत त्याचा नंबर कितवा? त्या वेळी अस्पृश्यांच्या अठरा संस्थांनी कमिशनला निवेदने दिली. बोलायचे ठरवणारे एकटे बाबासाहेब नव्हते.

परळच्या दामोदर हॉलात ज्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा जन्म झाला (मार्च १९२४ ची बैठक आणि जुलैत स्थापना), तिच्या वतीने २९ मे १९२८ ला निवेदन गेले. दोन भाग होते. एक राजकीय संरक्षणाविषयी, दुसरा मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी. त्या दुसऱ्या भागात १८५६ सालच्या धारवाडच्या एका महार मुलाची हकीकत आहे. सरकारी शाळेत घ्या म्हणून त्याने अर्ज केला आणि सरकारने त्याला घेतले नाही. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा अर्ज बाबासाहेबांनी सरकारी दप्तरातून शोधून काढला आणि सरकारच्याच कमिशनच्या टेबलावर ठेवला. निवेदन कसे लिहावे हे ज्यांना शिकायचे आहे त्यांनी ते वाचावे. रडगाणे नाही. तारीख, आकडा, सरकारी पत्र, आणि मग मागणी.

त्या निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, जी आम्हांला सगळ्यांत मोलाची वाटते. स्वतः सरकारनियुक्त असलेल्या माणसाने लिहिले की नियुक्ती नको. निवडणूक हवी, प्रौढ मतदान हवे, राखीव जागा हव्यात. १४० जागांपैकी २२ मागितल्या. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, त्याच्या स्वातंत्र्याला मर्यादा येते, हे त्यांनी खुर्चीवर बसून सांगितले. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात त्यांची आणि डॉ. सोळंकी यांची साक्ष झाली. समोर बसलेल्या सभासदांत क्लेमेंट ॲटली होते, जे पुढे १९४५ ला इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

प्रांतिक समितीचा अहवाल मे १९२९ मध्ये तयार झाला. बाबासाहेबांनी त्यावर सही केली नाही. १७ मे रोजी स्वतःचा वेगळा अहवाल दिला. म्हणजे ज्यांनी "सरकारचा माणूस" म्हटले होते त्यांनी पाहावे, तो माणूस सरकारच्या बाजूलाही नव्हता आणि समितीतल्या बहुमताच्या बाजूलाही नव्हता. समितीवर जायचे, पण सही आपली ती आपलीच. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात आपल्या कार्यकर्त्यांनी घ्यायचे ते हेच आहे. आज पुष्कळदा पाहतो, बैठकीला जायचे, चहा घ्यायचा, हजेरीच्या रजिस्टरवर सही करायची आणि त्याच सहीवर पुढे इतिवृत्त मंजूर झालेले असते.

याच काळात दुसरी समिती चालू होती. डॉ. सोळंकी यांनी कौन्सिलात मागणी लावून धरली आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणून तिला स्टार्ट कमिटी म्हणतात. हे साहेब सरकारने "गुन्हेगार" ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींचे काम पाहणारे अधिकारी. सभासदांत बाबासाहेब, डॉ. सोळंकी, ठक्करबाप्पा आणि इतर. समितीने इलाखाभर फिरायचे, जुलूम-जबरदस्तीच्या तक्रारी पाहायच्या. कामासाठी सभासदांनी जिल्हे वाटून घेतले. बाबासाहेब आणि दुसरे एक सभासद यांच्याकडे खानदेश आला.

१९२९ च्या ऑक्टोबरातली ही गोष्ट बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. खानदेशातले काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर सवर्णांनी बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायची होती. ती करून पुढच्या गाडीने चाळीसगावला परत आले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन स्टेशनावर उभी. रात्री मुक्काम करा म्हणून आग्रह केला होता, तो त्यांनी मानला होता. महारवाडा दोन मैलांवर, मध्ये नदी. स्टेशनाबाहेर टांगे भरपूर. पण तासभर झाला तरी कोणी हलेना. शेवटी एक टांगा आला, बाबासाहेब बसले, बाकीचे आडवाटेने पायी निघाले. दोनशे पावलांवरच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतराने दगड लावलेले. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. पाय मोडला. कित्येक दिवस अंथरुणावर.

कारण मागाहून कळले. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. पाहुण्याने पायी चालावे हे आपल्या लोकांना सहन होईना. मग तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुम्ही आणा. आपल्यातलाच एक जण, ज्याने कधी लगाम धरला नव्हता, तो हाकायला बसला.

सरकारच्या समितीचा सभासद. बॅरिस्टर. कौन्सिलचा मेंबर. अस्पृश्यांवर काय अन्याय होतो हे शोधायला निघालेला. आणि त्याला टांगा मिळत नाही. त्या अहवालाच्या पानांत ही हकीकत घालायची गरजच नव्हती, ती सभासदाच्या पायातच होती. आमच्या बायाबापड्यांना ही गोष्ट सांगितली की त्या आधी विचारतात, त्या टांगा हाकणाऱ्या पोराचं काय झालं? बाबासाहेबांनी त्याच्यावर राग धरल्याचे त्यांच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही.

मार्च १९३० मध्ये समितीचा अहवाल आला. मागासवर्गाचे तीन भाग पाडा, असे तिने म्हटले: अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागास. आज जो शब्द आपण रोज पेपरात वाचतो, त्याची एक मुळी इथे आहे. शिष्यवृत्त्या वाढवा, वसतिगृहे काढा, परदेशात इंजिनिअरिंग शिकायला शिष्यवृत्ती द्या, गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना काम शिकायला घ्या, आणि या सगळ्यावर देखरेख करायला वेगळा अधिकारी नेमा. शेवटची शिफारस सरकारने मानली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅकवर्ड क्लास ऑफिसर हे पद आणि त्याचे खाते उभे राहिले. आजच्या समाजकल्याण खात्याची वंशावळ तिथे जाते. ज्यांची मुले सरकारी वसतिगृहात राहून शिकली, ज्यांनी फ्रीशिपचा फॉर्म भरला, त्यांनी चाळीसगावची ती फरशी आठवावी.

गिरण्यांची आणि रेल्वे कारखान्यांची शिफारस आपल्या परळला किती लागू होती, हे जुन्या कामगार कुटुंबांना सांगायला नको. परळ आणि लोअर परळचे रेल्वे वर्कशॉप डोळ्यांसमोर. गिरणीत आपल्या लोकांना साचा चालवायला, म्हणजे विणकाम खात्यात, घेत नसत. तिथे मजुरी जास्त. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि महाराने तोंड लावलेल्या धोट्याला बाकीचे तोंड कसे लावणार! १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, की मालकाकडे मागण्या मांडता त्यात ही पण मांडा. तेव्हाच्या पुढाऱ्यांना ते गैरसोयीचे वाटले. त्यांतले अनेक जण प्रामाणिक होते, आणि तरीही.

परळचेच दुसरे नाव ना. म. जोशी यांचे. सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. डिलाइल रोडला आता त्यांचे नाव आहे. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबर या मजूर आयोगावर ते सभासद होते. म्हणजे सायमनवर बहिष्कार आणि मजूर आयोगावर सभासदत्व, अशी ती वर्षे होती. कोणत्या दारातून आत जायचे आणि कोणत्या दाराकडे पाठ फिरवायची, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागत होते.

पुढचे भरभर सांगतो. १९३१-३२ ला बाबासाहेब लोथियन मताधिकार समितीवर होते. १ मे १९३२ ला तिथेही त्यांनी स्वतःचे वेगळे टिपण जोडले. सवयच ती. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा भरू लागल्या. १९५९ साली पु. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. ज्या शहरात दहा रुपये भाड्याखाली मत नव्हते, त्या शहराचा पहिला नागरिक आपला माणूस.

१९७४ चा जानेवारी मात्र असा भरभर ओलांडता येत नाही. ५ तारखेला वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरच्या सभेत दगडफेक झाली, दंगल वरळीच्या आणि नायगावच्या बी. डी. डी. चाळींत पसरली. १० तारखेला परळला मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव गेले. सरकारने न्या. भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे साक्ष देणे ही समितीवर बसण्यापेक्षा अवघड गोष्ट. रोज बुडतो, पोलिसाच्या तोंडावर बोलावे लागते, उलटतपासणीत वकील शब्दात पकडतो, आणि संध्याकाळी त्याच चाळीत, त्याच जिन्याने घरी यावे लागते. तरी आपल्या भागातली साधी माणसे बोलायला उभी राहिली. त्यांच्या नावाच्या पाट्या कुठे नाहीत.

आता आजचे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता व संनियंत्रण समिती असते. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे जास्तीत जास्त पाच अशासकीय सभासद घेता येतात, शिवाय संस्थांचे तीनपर्यंत. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक झालीच पाहिजे. किती गुन्हे नोंदले, किती जणांना मदत मिळाली, खटले कुठे अडले, अधिकाऱ्यांनी काय केले, हे तिथे विचारायचे असते. मुंबई शहर हा स्वतंत्र जिल्हा आहे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा आपला सगळा भाग त्यात येतो. तिथे बसणाऱ्या पाच जणांनी तीन महिन्यांत केस-डायरी वाचून जायचे की हार घालून घ्यायला जायचे, हा प्रश्न १९२८ चाच आहे.

७४ वी घटनादुरुस्ती जून १९९३ पासून लागू झाली, त्याप्रमाणे मुंबईत प्रभाग समित्या आल्या. परळ-लालबागचा एफ दक्षिण आणि माटुंग्याकडचा एफ उत्तर यांची मिळून एक. कायद्याने तिच्यात विभागातल्या सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सभासद घेता येतात. त्यांना बोलता येते, मत देता येत नाही. मत नाही म्हणून या जागेला कोणी विचारत नाही, आणि आम्हांला ते चुकीचे वाटते. गटार, पाणी, कचरा, दवाखाना यांवर तिथेच बोलायचे असते, आणि बोललेले इतिवृत्तात येते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा नगरसेवकांबरोबर या समित्याही थांबल्या. नळाला पाणी कमी आले तर जाऊन बसायला जी एक खोली होती, तिला कुलूप लागले.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट खटकत राहते. साउथबरो, सायमन, स्टार्ट, सगळ्या टेबलांभोवती पुरुष. पाण्याला तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या आयाबहिणींना पाण्याबद्दल कोणी विचारले नाही. महापालिकेत स्त्रियांना पन्नास टक्के जागा २०१२ च्या निवडणुकीपासून आल्या. पण त्याआधीच, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने महापालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आणली आहे. तिचे किमान पंचाहत्तर टक्के सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. हे कोणाच्या मर्जीवर नाही, कलम २१ मध्ये लिहिलेले आहे. शाळेचा विकास आराखडा करणे आणि सरकारकडून आलेल्या पैशाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. धारवाडच्या त्या मुलाचा अर्ज ज्या टेबलावर नाकारला गेला, तसल्या टेबलाशी आता त्याच्या आईची खुर्ची ठेवलेली आहे. आपल्या विहारात रविवारी वंदनेला येणाऱ्या कितीतरी भगिनींची मुले याच शाळांत आहेत. समितीचे पालक सभासद पालकसभेतून निवडले जातात. सभेला ज्या आल्या, त्यांच्यातूनच.